बॉल उजवीकडेच का पळतो? गोल्फ स्विंगच्या नवशिक्या चुका आणि त्यांची उलटी औषधं

७ ऑगस्ट २०२१ चा शनिवार आठवतोय का? संध्याकाळी नीरज चोप्राचं गोल्ड आलं म्हणून तो सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्याच दिवशी सकाळी कितीतरी घरांत आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ लागलं होतं, कारण टोकियोत अदिती अशोक मेडलच्या शर्यतीत होती आणि एका शॉटनं तिचं ब्रॉन्झ हुकलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांमध्ये आपला पुण्याचा उदयन माने पण खेळला होता. तेव्हा ज्यांनी "बर्डी म्हणजे काय रे?" विचारलं त्यातले काही जण आता पुण्यात, नाशकात, खारघरला स्वतः क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात घेऊन उभे असलेले दिसतात, कुणी ऑफिसच्या ग्रुपबरोबर आलेलं असतं, कुणी मुलीला शिकवायला आणून स्वतःच अडकलेलं असतं.

आणि सगळ्यांची तक्रार एकच. बॉल उजवीकडे पळतो. नाहीतर जमिनीवरून घरंगळत जातो. नाहीतर बॉल तिथेच आणि माती उडते. मग यूट्यूब, मग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बाजूच्या बे मधले, म्हणजे शेजारच्या मारायच्या जागेतले, काका, मग पुन्हा यूट्यूब, आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो त्यामुळे डोक्यात पंचवीस सूचना घेऊन माणूस बॉलसमोर लाकडासारखा उभा.

माझं म्हणणं असं की यातल्या बहुतेक चुकांमागे एकच भानगड आहे. बॉल चुकीचा गेला की आपलं शरीर आपोआप जो उपाय करतं नं, तोच उपाय चूक आणखी वाढवतो. उजवीकडे जातो म्हणून डावीकडे मारतो, तर अजून उजवीकडे जातो. उडत नाही म्हणून उचलायला जातो, तर अजून खाली राहतो. हे असं का होतं ते एकदा कळलं की अर्ध्या टिप्स आपोआप गळून पडतात.

## आधी चार शब्द, मग पुढे

फेस म्हणजे क्लबच्या डोक्याचा तो सपाट भाग जो बॉलला लागतो. पाथ म्हणजे बॉलला लागताना क्लबचं डोकं कुठल्या दिशेनं चाललंय ती दिशा. लॉफ्ट म्हणजे फेस मागे किती कललेला आहे तो कोन, ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, साधारण ९ ते १२ डिग्री, सात नंबरच्या आयर्नला (आयर्न म्हणजे धातूच्या डोक्याचे क्लब, नंबर वाढेल तसा लॉफ्ट वाढतो) ३० च्या आसपास. आणि स्लाइस म्हणजे हवेत उजवीकडे वळत वळत जाणारा शॉट, नवशिक्यांचा राष्ट्रीय आजार. खालचं सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचा, त्यांना सवय असतेच.

## बॉलला तुमचा स्विंग दिसत नाही

क्लब आणि बॉल एकमेकांना किती वेळ चिकटून असतात माहितीय? साधारण अर्धा मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा दोन हजारावा भाग. हाताला ठोका जाणवून मेंदूपर्यंत पोचेस्तोवर बॉल केव्हाच निघून गेलेला असतो. त्यामुळे ऐन फटक्याच्या वेळी मनगट फिरवून सुधारणा करू वगैरे विसरा, जे काही व्हायचं ते आधीच ठरलेलं असतं.

त्या अर्ध्या मिलिसेकंदात बॉलला वेग सोडून तीनच गोष्टी कळतात: फेस कुठे बघत होता, पाथ कुठल्या दिशेचा होता, आणि फेसच्या नेमक्या कुठल्या जागी लागलं. तुमचा बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) किती सुंदर होता, डावा हात सरळ होता का, पँट कुठल्या ब्रँडची होती, यातलं काहीही त्याला माहीत नसतं.

आता मुख्य गोष्ट. बॉल निघतो मुख्यतः फेसच्या दिशेनं, ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के आणि आयर्नला ७५ टक्क्यांच्या आसपास फेसचा वाटा असतो. आणि बॉल वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. फेस पाथच्या मानानं उजवीकडे उघडा असेल तर बॉल उजवीकडे वळणार. टेबल टेनिसमध्ये बॅट एका दिशेला बघतेय आणि हात दुसऱ्या दिशेला घासत नेला की बॉलला कट लागतो, तेच इथे होतं, फक्त इथे बॉल दीडशे-दोनशे यार्ड हवेत असतो त्यामुळे तो कट वळायला भरपूर जागा मिळते.

गंमत म्हणजे कित्येक वर्षं हे बरोबर उलटं शिकवलं गेलं, की बॉल पाथच्या दिशेनं निघतो आणि फेसच्या दिशेला वळतो. २००० नंतर रडारवर चालणारे लाँच मॉनिटर, म्हणजे फटका मोजणारी यंत्रं, आले आणि मोजून दिसायला लागलं की तसं नाहीये. म्हणून आजही जुन्या कुणाकडून एक आणि नव्या प्रोकडून (शिकवणाऱ्या व्यावसायिकाकडून) दुसरं ऐकायला मिळतं, दोघंही मनापासून सांगत असतात, पण मोजमाप नव्याच्या बाजूनं आहे.

## स्लाइस: जितकं डावीकडे मारू तितका उजवीकडे

नवशिक्याचं चक्र बघा कसं असतं. पहिला बॉल उजवीकडे गेला, झाडांत. दुसऱ्या वेळी माणूस नकळत पाय आणि खांदे थोडे डावीकडे वळवून उभा राहतो, कारण उजवीकडे जाणारच आहे तर आधीच डावीकडे धरूया नं. आता खांदे डावीकडे म्हणजे क्लब पण बाहेरून आत, डावीकडे ओढला जातो, पण फेस मात्र टार्गेटकडेच बघत राहतो कारण बॉल तिकडे जायला हवा असं मन सांगतंय. झालं, फेस आणि पाथमधला फरक वाढला, कट वाढला, बॉल आणखी उजवीकडे. तिसऱ्या बॉलला अजून डावीकडे धरतो. कुठल्याही रेंजवर रविवारी सकाळी जा, ड्रायव्हर घेऊन जवळजवळ शेजारच्या बे कडे तोंड करून उभा असलेला एक तरी माणूस दिसेलच आणि त्याचा बॉल उजवीकडच्या जाळीत जात असेल.

आपल्याकडे यात क्रिकेटची भर असते. सरळ बॅटनं खेळताना बॅटचं पातं बॉलच्या लाईनमध्ये धरून ठेवायची सवय लहानपणापासून लागलेली असते, मनगट लवकर फिरलं तर कॅच जातो म्हणून कोचनं शिव्या घातलेल्या असतात. गोल्फमध्ये फेस बॅकस्विंगला उघडतो आणि खाली येताना तो फिरून परत बंद व्हायलाच हवा, धरून ठेवला की उघडाच राहतो. म्हणून चांगली बॅटिंग करणारे लोक सुरुवातीला बॉल लांब मारतात पण हमखास स्लाइस मारतात.

सगळे स्लाइस एकसारखे नसतात हे मात्र नीट बघा. बॉल डावीकडे निघून मग उजवीकडे वळला, तर फेस टार्गेटच्या मानानं थोडा डावीकडेच होता, खरा गोंधळ पाथचा आहे. बॉल उजवीकडेच निघून अजून उजवीकडे गेला, तर फेस उघडा आहे, म्हणजे आधी ग्रिप, क्लब धरायची पद्धत, बघायची. बॉल कुठे पडला यापेक्षा पहिल्या वीस-तीस यार्डांत कुठल्या बाजूनं निघाला ते बघायची सवय लावा. बहुतेक जण ते बघतच नाहीत, डायरेक्ट झाडांकडे बघून कपाळाला हात लावतात.

## "पण माझा नऊ नंबर तर उजवीकडे जात नाही!"

हा प्रश्न हमखास येतो आणि याचं उत्तर मला फार आवडतं. नऊ नंबरनं बॉल थोडा डावीकडे पण सरळ जातो, ड्रायव्हरनं उजवीकडे पळतो, मग आपल्याला वाटतं की आयर्न जमतायत आणि ड्रायव्हरचाच काहीतरी प्रॉब्लेम आहे.

स्विंग एकच आहे हो. जास्त लॉफ्टच्या क्लबनं बॉलला मागच्या बाजूला फिरणारा स्पिन भरपूर मिळतो, त्या भरपूर स्पिनपुढे तोच तिरका कट किरकोळ ठरतो आणि बॉल फारसा वळत नाही, नुसता डावीकडे जातो. ड्रायव्हरला लॉफ्ट कमी, मागचा स्पिन कमी, त्यामुळे तेवढाच तिरकेपणा स्पिनचा अक्ष जास्त कलवतो आणि बॉल केळ्याच्या आकारात फिरतो. शिवाय ड्रायव्हर साधारण ४५ इंच लांब, सात नंबर त्यापेक्षा बराच आखूड, लांब दांड्याचा फेस वेळेवर बंद करणं अवघड. म्हणजे ड्रायव्हर आजार देत नाही, तो फक्त आजार मोठा करून दाखवतो.

## मग करायचं काय

आधी ग्रिप, कारण ती उभ्या उभ्या, एकही बॉल न मारता सुधारते. डावा हात दांड्यावर ठेवलात की वरून बघताना हाताच्या मागची दोन ते तीन गाठी दिसायला हव्यात, आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात जो इंग्रजी व्ही सारखा आकार होतो त्याचं टोक उजव्या खांद्याकडे हवं. एकच गाठ दिसत असेल तर फेस उघडा राहायची जवळपास गॅरंटी. दांडा तळहातात नाही, बोटांच्या मुळाशी बसवायचा. हे जमतंय की नाही ते तुमचा ग्लोव्हच सांगतो: मनगटाजवळचा जाड भाग घासून काळा पडला असेल किंवा तिथे भोक पडलं असेल तर दांडा तळहातात आहे आणि दर फटक्याला सरकतोय. मे महिन्यात घामानं आणि पावसात ओलाव्यानं सगळे आवळून धरतात, त्यानं मनगटं जाम होतात आणि फेस बंदच होत नाही. ग्लोव्ह काढून वाळवा, दुसरा जवळ ठेवा, पण आवळू नका.

नवीन ग्रिप भयंकर विचित्र वाटणार आणि पहिले काही बॉल डावीकडे जाणार. जाऊ देत. ज्याचा बॉल कायम उजवीकडे जायचा त्याचा डावीकडे गेला ही चांगली बातमी आहे, बेन होगनसारख्या दिग्गजाचा त्रास तर बरोबर उलटा होता, त्याचा बॉल डावीकडे हुक व्हायचा आणि त्यानं ग्रिप दुसऱ्या बाजूला फिरवून तो आटोक्यात आणला. ग्रिप हा फेसचा स्क्रू आहे, कुठल्या बाजूला पिळायचा ते बॉल बघून ठरवायचं.

मग उभं राहणं. जमिनीवर एक क्लब आडवा टाकून त्याला समांतर पाय ठेवा, आणि नुसते पाय नाही, खांदेही तपासा, कारण पाय सरळ आणि खांदे डावीकडे हा प्रकार फार कॉमन आहे आणि तो स्वतःला कळत नाही.

पाथसाठी एकच ड्रिल सांगतो. बॉलच्या पलीकडच्या बाजूला, थोडं मागे, क्लबचं डोकं जेमतेम जाईल इतकी जागा सोडून ड्रायव्हरचं हेडकव्हर (डोक्यावर घालायचं मऊ टोपडं) ठेवा. क्लब बाहेरून आत आला तर हेडकव्हर उडणार. ते न उडवता मारायचं. सुरुवातीला अर्धाच स्विंग, वेग निम्मा. इथे उलटं औषध असं की बॉल उजवीकडे जातोय तरी तुम्हाला उजवीकडे स्विंग केल्यासारखं वाटायला हवं. मन ओरडून सांगेल की आता तर पार पार्किंगमध्ये जाणार. नाही जात, ग्रिप नीट असेल तर नाही जात. आणि वरून खाली येताना उजवा खांदा पहिल्यांदा पुढे झेपावतो हेच मूळ, त्याऐवजी सुरुवात डाव्या पायावर वजन टाकून करा, खांदे मागाहून येऊ देत.

## "डोकं वर केलंस!"

भारतीय गोल्फमधलं सगळ्यात स्वस्त निदान. बॉल टॉप झाला, म्हणजे क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागून तो घरंगळला, की बाजूचा कुणीही, अगदी कधी क्लब न धरलेला मित्रसुद्धा, हे वाक्य टाकतो. अनिका सोरेनस्टाम आणि डेव्हिड डुवल हे दोघं बॉलला क्लब लागायच्या आधीच डोकं टार्गेटकडे वळवायचे, अनिकानं त्याच स्विंगवर दहा मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकल्या आणि डुवलनं २००१ ची ब्रिटिश ओपन. तेव्हा डोकं हे कारण नाही, फार तर लक्षण आहे.

खरं कारण मोजून बघा. गोल्फच्या बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे बॉलचा मध्य जमिनीपासून जेमतेम दोन सेंटिमीटर वर. क्लब दोन सेंटिमीटर वर उचलला गेला की तो बॉलच्या पोटावर लागणार आणि बॉल घरंगळणार. आणि दोन सेंटिमीटर वर जायला डोकं हलायची गरजच नाही, कोपर किंचित वाकलं, छाती थोडी वर आली, वजन मागच्या पायावर राहिलं, एवढं पुरतं. हे सगळं कशामुळे होतं? बॉलला हवेत उचलायच्या इच्छेमुळे. अहो, उचलायचं काम लॉफ्ट करतो, त्यासाठीच तो कलवलेला असतो. तुम्ही क्लब खाली, पुढे जाऊ द्यायचा. चांगल्या खेळाडूंचा आयर्नचा स्विंग बॉलच्या साधारण चार इंच पुढे सगळ्यात खालच्या बिंदूला पोचतो, म्हणजे आधी बॉल, मग गवत. नवशिक्याचा तो बिंदू बॉलच्या मागे असतो, मग एकतर क्लब आधी मातीत घुसतो, त्याला फॅट म्हणतात, नाहीतर वर चढता चढता बॉलला लागतो आणि टॉप होतो. एक शॉट फॅट, पुढचा टॉप असं होत असेल तर ते दोन आजार नाहीत, एकाच आजाराची दोन तोंडं आहेत.

हे तपासायला गवत हवं. रबरी मॅटवर क्लब मागे आपटला तरी सरकून बॉलपर्यंत पोचतो, बॉल बरा उडतो, तुम्ही खूश, आणि कोर्सवर गेलात की तोच शॉट दहा यार्ड. कोपर दुखायला लागतं ते वेगळंच. सरावाच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळू भरलेल्या जागेत, रेघ मारा, रेघेवर बॉल न ठेवता स्विंग करा आणि खड्डा कुठे सुरू झाला ते बघा. रेघेवर किंवा रेघेच्या पुढे असेल तर उत्तम. मागे असेल तर स्विंग संपताना पूर्ण वजन डाव्या पायावर येतंय का ते बघा, शेवटी उजवा पाय उचलून दोन सेकंद उभं राहता आलं पाहिजे. मॅटवरच खेळावं लागत असेल तर बॉलच्या अर्धी वीत मागे घडी घातलेला नॅपकिन ठेवा, त्याला न लागता मारा.

ड्रायव्हरला मात्र हा नियम लागू नाही, तिथे बॉल टी वर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो आणि डाव्या टाचेसमोर पुढे ठेवलेला असतो, त्यामुळे क्लब किंचित वर चढताना लागला तर चांगलंच.

## "नवीन ड्रायव्हर घेतला तर?"

थोडा फरक पडतो, खोटं कशाला बोलू. काही ड्रायव्हरमध्ये वजन क्लबच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, ठेवलेलं असतं, त्यानं फेस बंद व्हायला मदत होते आणि वळण थोडं कमी होतं. पण खिशाला भोक पाडायच्या आधी दहा रुपयांचा नाही पण फार तर पन्नास रुपयांचा व्हाइटबोर्ड मार्कर घ्या, बॉलच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढा, तो ठिपका क्लबकडे करून बॉल ठेवा आणि मारा. फेसवर त्याचा ठसा उमटतो. ठसा टाचेकडे उमटत असेल तर ड्रायव्हरमध्ये नुसत्या त्यानंच बॉलला उजवीकडे वळायचा स्पिन मिळतो, फेस आणि पाथ बरोबर असले तरी. म्हणजे काही लोक महिनोन्महिने स्विंग बदलत असतात आणि प्रॉब्लेम एवढाच असतो की ते बॉलच्या जास्त जवळ उभे राहतायत.

टाचेच्याही पलीकडे, दांडा जिथे डोक्यात घुसतो त्या गोल भागाला आयर्न लागला की बॉल जवळजवळ काटकोनात उजवीकडे सुटतो. हा शँक. क्लबात हा शब्द उच्चारला तरी जुने लोक तोंड वाकडं करतात, जणू साथ पसरेल. बहुतेक वेळा वजन चवड्यांवर जाऊन माणूस बॉलकडे पडत असतो. दोन बॉल शेजारी शेजारी ठेवा, मध्ये तीन बोटांची जागा, आणि बाहेरच्याला हात न लावता आतला मारा, हळू.

## "ताकद कमी पडते का मग?"

नाही. ताकद लावली की उजवा हात आणि उजवा खांदा पुढे धावतो, आणि वर सांगितलेलं सगळं रामायण पुन्हा सुरू. चांगल्या खेळाडूंच्या बॅकस्विंगला लागणारा वेळ खाली येण्याच्या साधारण तिप्पट असतो, नवशिके वर घाईत नेतात आणि खाली अजून घाईत आणतात. अदिती अशोक अंतरात मोठ्या खेळाडूंच्या मागेच असते, तरी ती ऑलिम्पिकच्या शेवटच्या दिवसापर्यंत मेडलमध्ये होती. आणि दोनशे यार्डांवर फेसची एक डिग्री म्हणजे साडेतीन यार्ड, वळण धरलं तर त्याहून जास्त, त्यामुळे वीस यार्ड लांब मारून दोन फेअरवे (खेळायचे कापलेल्या गवताचे पट्टे) सोडून पडलेल्या बॉलचं करायचं काय.

"जिम फ्युरिकचा स्विंग तर किती वेडावाकडा!" हो, वर जाताना एकीकडे आणि येताना भलतीकडे, तरी त्यानं २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) एक राउंड फक्त ५८ शॉटमध्ये संपवला. कारण त्या अर्ध्या मिलिसेकंदात त्याचा फेस आणि पाथ जागेवर असतात. म्हणूनच फोनवर स्वतःचा व्हिडिओ काढून कुणा स्टारशी फ्रेम जुळवत बसू नका, आणि काढलातच तर फोन हातांच्या उंचीवर, पायांच्या रेषेत मागे ठेवा, कॅमेरा थोडा जरी तिरका लागला तरी बरोबर पाथ चुकीचा दिसतो आणि माणूस नसलेला आजार बरा करायला लागतो.

## प्रोकडे कधी जायचं आणि काय सांगायचं

माझ्या मते पहिल्याच महिन्यात एकदा तरी, सवय पक्की व्हायच्या आत. पण "सर, स्लाइस होतो" एवढंच सांगून पैसे वाया घालवू नका. बॉल कुठल्या बाजूनं निघतो, मग कुठे वळतो, आयर्नला काय होतं आणि ड्रायव्हरला काय, फेसवर ठसा कुठे येतो, वाळूत खड्डा रेघेच्या मागे की पुढे, एवढं बघून जा. आणि प्रो एका तासात पाच गोष्टी बदलायला लागला तर सरळ विचारा की सर, यातली पुढच्या वेळेपर्यंत एकच कुठली करू? उत्तर ग्रिप असेल अशी तयारी ठेवा, आणि मग त्या महिन्यात ड्रायव्हर गाडीच्या डिकीतच राहू दे.